किंमत, मूल्य आणि यंत्र : जुन्या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन भावनिश्चितीची चिकित्सा

प्रस्तावना

वस्तूच्या विनिमयाविषयी बोलताना मराठी माणूस निदान चार शब्द वापरतो : किंमत, मूल्य, भाव आणि मोल. या चारही शब्दांचा अर्थ कोशात जवळजवळ एकच दिलेला आढळतो. मात्र भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात ते एकमेकांची जागा घेत नाहीत. किंमत सांगितली जाते आणि मोजली जाते. भाव चढतो, उतरतो, पडतो. तो करावा लागतो. मूल्य जाणावे लागते. मोल मात्र बहुधा अभावातूनच कळते. म्हणूनच ‘अनमोल’, ‘कवडीमोल’, ‘मातीमोल’ असे शब्द सिद्ध झाले. मराठी प्रकाशकही पुस्तकाच्या श्रेयपानावर कधी ‘किंमत’ तर कधी ‘मूल्य’ छापतात.

गेल्या दोन दशकांत ऑनलाइन बाजारपेठांत वस्तूची किंमत ठरविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर संगणकीय आज्ञावलीकडे गेले आहे. प्रतिस्पर्धी विक्रेत्याने लावलेली किंमत आणि वस्तूची स्थिती या दोन प्रमुख आधारांवर ही आज्ञावली दिवसातून अनेकदा किंमत खाली-वर करते. अर्थशास्त्र, वाणिज्य व संगणकशास्त्र या विद्याशाखांत या विषयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र याकडे ‘आपला विषय नव्हे’ म्हणून पाठ फिरविलेली दिसते. वस्तुतः जुने, छपाईबाह्य झालेले मराठी पुस्तक हे या यंत्रणेच्या मर्यादा स्पष्ट करणारे फार चांगले उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाच्या आधारे या पद्धतीची चिकित्सा करावयाची आहे. लेखाचे स्थळ बदलापूर हे आहे. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

१. भाव करण्याची जुनी रीत

वस्तूच्या स्थितीनुसार आणि शेजारच्या विक्रेत्याकडे पाहून किंमत बदलणे ही काही संगणकाने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. बदलापूर स्थानकाबाहेर संध्याकाळी भाजी घेणाऱ्या कोणालाही ती ठाऊक आहे. सहाच्या सुमारास ताजी असलेली मेथीची जुडी रात्री नऊनंतरच्या लोकलने उतरणाऱ्या प्रवाशाला निम्म्या भावात मिळते. शेजारणीने वाट्याचा भाव उतरवला की हिलाही उतरवावा लागतो. प्रतिस्पर्धी आणि मालाची स्थिती, दोन्ही आधार येथे आहेत.

मात्र या व्यवहारात तीन गोष्टी गृहीत असतात. पहिली, माल दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो; जुडी कोमेजली आहे हे विक्रेतीला जितके दिसते तितकेच ग्राहकालाही दिसते. दुसरी, भाव का उतरला याचे कारण विचारता येते आणि त्याचे उत्तर मिळते. तिसरी, विक्रेतीला आपली खरेदी माहीत असते. त्याखाली ती जाणार नाही आणि उद्या पुन्हा याच गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे असल्याने ती अवाच्या सवा सांगणारही नाही. महाराष्ट्रातील बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत होती. तिच्यावर मुख्य आक्षेप हाच होता की, ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. नियंत्रित बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो यासाठीच. भाव बदलणे हा दोष नाही; तो कोणत्या आधारावर बदलला हे झाकले जाणे, हा दोष आहे.

२. यंत्राची रीत

ऑनलाइन बाजारपेठेत एकाच वस्तूचे अनेक विक्रेते एकाच पानावर उभे असतात आणि त्यांपैकी एकाचाच प्रस्ताव ठळकपणे ग्राहकापुढे येतो. ती जागा मिळविण्यासाठी किंमत हा मोठा घटक असतो. शेकडो वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रत्येक वस्तूवर नजर ठेवणे अशक्य असल्याने तो आज्ञावलीस नियम घालून देतो : ‘समान स्थितीतील सर्वांत कमी किमतीपेक्षा एक रुपया कमी ठेव, अमुक रकमेखाली जाऊ नकोस, तमुक रकमेवर चढू नकोस.’ जुन्या पुस्तकांबाबत स्थितीच्या श्रेणी ठरलेल्या असतात. अमेरिकेतील ॲमेझॉनवर नव्या प्रतीखालोखाल ‘नव्यासारखी’, ‘अतिशय चांगली’, ‘चांगली’ आणि ‘स्वीकारार्ह’ अशी उतरंड आहे. श्रेणी विक्रेता देतो. पुढील गणित यंत्र करते.

या व्यवस्थेचे लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील लहान व्यापाऱ्याला, मग तो जीन्स विकणारा असो वा पुस्तके, देशभरातील ग्राहक या बाजारपेठांनी मिळवून दिला. गडचिरोली किंवा बेळगाव येथील वाचकाला पूर्वी जुन्या पुस्तकासाठी मुंबईच्या फाउंटनचे पदपथ किंवा पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठावा लागे. आज ते घरपोच येऊ शकते. विक्रेते अनेक असतील, वस्तू एकसारखी असेल आणि नियमांना खालची-वरची मर्यादा असेल, तर स्वयंचलित भावनिश्चिती ग्राहकाच्या हिताचीच ठरते. प्रश्न या तीन अटी जेथे पुऱ्या होत नाहीत तेथे उद्भवतो.

३. माशीच्या पुस्तकाचा धडा

या संदर्भात २०११ मधील एक घटना प्रसिद्ध आहे. पीटर लॉरेन्स यांचे ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे माशीच्या भ्रूणविकासावरील १९९२ चे शास्त्रीय पुस्तक. बर्कले येथील जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझेन यांच्या निदर्शनास आले की ॲमेझॉनवर त्याच्या दोन नव्या प्रती लाखो डॉलरना विक्रीस आहेत. एकीची किंमत १७,३०,०४५.९१ डॉलर होती, तर दुसरीची २१,९८,१७७.९५. त्यांनी रोजच्या किमती टिपल्या तेव्हा रहस्य उलगडले. पहिला विक्रेता आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८३ पट ठेवीत होता. दुसरा पहिल्याच्या १.२७०५८९ पट. या दोन संख्यांचा गुणाकार सुमारे १.२६८४ येतो. म्हणजे प्रत्येक फेरीत किंमत जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढणार हे अटळ होते. अशा दहा फेऱ्यांत ती २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर पोहोचली. मग कोणा माणसाचे लक्ष गेले आणि किंमत एकदम १०६ डॉलरवर आली.

ही कथा सहसा यंत्राच्या मूर्खपणाचा विनोद म्हणून सांगितली जाते. ते तिचे अपुरे वाचन आहे. दोन्ही यंत्रे आपापल्या मालकाच्या दृष्टीने शहाणी होती. पहिल्याला प्रतिस्पर्ध्याहून किंचित स्वस्त राहायचे होते. आयझेन यांच्या तर्कानुसार दुसऱ्याजवळ पुस्तक बहुधा नव्हतेच. मागणी आली तर पहिल्याकडूनच घेऊन पुढे पाठवायचे, म्हणून खरेदी आणि नफा सुटेल इतकी किंमत तो चढी ठेवीत होता. दोष नियमांत नसून नियमांच्या परस्परावलंबनात होता. दोघांनीही किमतीचा आधार म्हणून किंमतच घेतली होती; पुस्तक कोणीही पाहिले नव्हते.

याहून महत्त्वाची, परंतु फारशी न चर्चिलेली बाब अशी की, त्याच पानावर या पुस्तकाच्या पंधरा वापरलेल्या प्रती होत्या आणि त्या ३५.५४ डॉलरपासून उपलब्ध होत्या. वाचकाच्या दृष्टीने ग्रंथ तोच, अक्षर न् अक्षर तेच. परंतु ‘नवी’ आणि ‘वापरलेली’ या श्रेणींमुळे यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. त्यामुळे पंधरा स्वस्त प्रती शेजारी असूनही दोन महाग प्रतींना आवर घालू शकल्या नाहीत. वस्तूची स्थिती हा किमतीचा आधार मानला की त्यातून कधी न्याय्य भेद निर्माण होतो, तर कधी अशी कृत्रिम भिंतही उभी राहते.

४. मराठी पुस्तक यंत्राला का कळत नाही

आता मराठी पुस्तकाकडे वळू. स्वयंचलित भावनिश्चितीची पहिली अट म्हणजे ‘तीच वस्तू’ ओळखता येणे. पुस्तकांच्या बाबतीत ही ओळख प्रामुख्याने आयएसबीएन या क्रमांकावरून होते. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये स्वीकारला गेला आणि २००७ पासून तो तेरा अंकी झाला. त्यापूर्वीच्या समग्र मराठी ग्रंथसंपदेला असा क्रमांक असण्याची शक्यताच नाही; त्यानंतरही अनेक मराठी प्रकाशकांनी दीर्घकाळ तो घेतला नव्हता. क्रमांक नसलेले पुस्तक प्रत्येक विक्रेता आपल्या मगदुराप्रमाणे नोंदवितो. एकच शीर्षक देवनागरीत एका प्रकारे, रोमन लिपीत तीन प्रकारे आणि लेखकाचे नाव कधी आडनावाने तर कधी आद्याक्षरांनी येते. परिणामी यंत्राला एकाच ग्रंथाच्या चार प्रती चार वेगळे ग्रंथ वाटतात. प्रतिस्पर्धी दिसत नसल्याने प्रत्येक जण आपल्यापुरता मक्तेदार ठरतो आणि किमतीला वरची मर्यादा राहत नाही.

दुसरी अडचण आवृत्तीची. एखाद्या ग्रंथाची पहिली आवृत्ती, लेखकाने सुधारलेली तिसरी आवृत्ती आणि नंतरचे पुनर्मुद्रण हे अभ्यासकाच्या दृष्टीने तीन वेगळे दस्तऐवज असतात. प्रस्तावना गाळलेली असते, परिशिष्ट जोडलेले असते, शुद्धलेखनाचे नियम बदललेले असतात. यंत्राची श्रेणी मात्र कागद पिवळा आहे की पांढरा, एवढेच विचारते.

तिसरी अडचण स्थितीच्या कल्पनेतच आहे. समासातील टिपा, पहिल्या पानावरील स्वाक्षरी, एखाद्या बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का हे सर्व श्रेणीच्या भाषेत दोष ठरतात. एखाद्या व्यासंगी वाचकाने पेन्सिलीने केलेली टिपणे असलेली प्रत ‘स्वीकारार्ह’ या तळाच्या पायरीवर जाते. संशोधकासाठी कदाचित तीच प्रत अधिक मोलाची असते. उलट, बदलापुरासारख्या उल्हास नदीकाठच्या गावात, जेथे जुलै २००५ च्या आणि त्यानंतरच्या पुरांनी घरांतील कपाटे भिजविली, तेथे बाहेरून बरे दिसणारे पुस्तक आतून बुरशीने धरलेले असू शकते. ते हाती घेतल्याशिवाय, त्याचा वास घेतल्याशिवाय कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले की, मालाची खरी स्थिती विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. श्रेणीचे एक लेबल हा त्यावरचा उपाय म्हणून आला. परंतु लेबल लावणाराच विक्रेता असेल आणि किंमत लेबलावरच ठरणार असेल, तर दुखणे आहे तेथेच राहते.

५. एक अनुभव आणि एक प्रतिदृष्टांत

एम.फिल.च्या काळात प्रस्तुत लेखकास छपाईबाह्य झालेला एक मराठी समीक्षाग्रंथ हवा होता. एका संकेतस्थळावर तो दिसला. किंमत परवडणारी नव्हती, म्हणून विचार करण्यासाठी दोन दिवस घेतले. तोवर ती वाढली. पुढच्या आठवड्यात पाहिले तर आणखी वाढलेली. विक्रेत्यास विचारणा केली असता ‘किंमत आपोआप ठरते’ एवढेच उत्तर आले. पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी असाच एक संदर्भग्रंथ घ्यावयाचा होता. आपल्या सर्वांच्या परिचयाची पद्धत अशी की तीन दरपत्रके मागवावीत, तुलनातक्ता करावा, समितीची सही घ्यावी. तीन दरपत्रके म्हणजे प्रतिस्पर्ध्यांशी तुलनाच. फक्त ती कागदावर राहते आणि कोणालाही तपासता येते. समितीची सही होईपर्यंत पडद्यावरची किंमत चार वेळा बदलली आणि तुलनातक्ता निरर्थक ठरला. खरेदी झाली नाही. पहिला समीक्षाग्रंथ अखेरीस बदलापुरातच एका सेवानिवृत्त वाचकाच्या घरी मिळाला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. ‘वाचून परत आणा’ एवढीच अट घातली.

याच गावात शिक्षक श्याम जोशी यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय उभे राहिले. दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि नियतकालिके यांच्या संग्रहासाठी ते मराठी अभ्यासकांत परिचित आहे. बदलापूर हे लेखाचे स्थळ निवडण्याचे कारण हेच. एका बाजूस मुंबईकडे रोज धावणारे, वेगाने वाढणारे, घरपोच खोक्यांनी भरलेले उपनगर आणि दुसऱ्या बाजूस जुन्या ग्रंथांना जपणारा संग्रह, असे दोन्ही बाजार येथे शेजारी नांदतात. अशा संग्रहात पुस्तकाची निवड करणारा माणूस प्रतिस्पर्ध्याची किंमत पाहत नाही. हे पुस्तक आणखी कोठे आहे का, ते नष्ट झाले तर काय हरवेल, हा प्रश्न तो विचारतो. जीर्ण प्रत ही त्याच्या दृष्टीने कमी किमतीची नव्हे, तर आधी वाचवायची प्रत असते. स्थितीचा तोच निकष, पण निष्कर्ष नेमका उलटा. किंमत आणि मूल्य या दोन शब्दांतील अंतर याहून अधिक स्पष्ट करणारे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

६. कायद्याची दृष्टी

या क्षेत्रात कायदा अगदीच गप्प आहे असे नाही. केंद्र सरकारच्या परकीय गुंतवणूक धोरणात २०१६ पासून अशी अट आहे की, बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीने वस्तूंच्या विक्री-किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अवाजवी नफ्यासाठी किमतींत फेरफार करण्यास मनाई आहे. परंतु बाजारपेठच विक्रेत्याला भाव बदलणारी आज्ञावली पुरवीत असेल आणि ठळक जागा कोणाला द्यायची हेही तीच ठरवीत असेल, तर ‘अप्रत्यक्ष प्रभाव’ कोठे सुरू होतो, हा प्रश्न उरतोच.

संगनमताचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये ऑनलाइन भित्तिचित्रे विकणाऱ्या एका विक्रेत्यावर न्याय विभागाने कारवाई केली. प्रतिस्पर्ध्यांशी ठरवून त्यांनी एकच किंमत राखणारी आज्ञावली वापरली होती. तेथे माणसांनी आधी संगनमत केले होते, म्हणून गुन्हा सिद्ध करणे शक्य झाले. भारतात ओला व उबर यांच्या आज्ञावलीमुळे चालकांत किमतीचे संगनमत होते, असा आरोप स्पर्धा आयोगापुढे आला. आयोगाने तो २०१८ मध्ये फेटाळला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, कारण चालकांत परस्पर करार आढळला नाही. मात्र २०२० मध्येच काल्वानो व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, स्वतः शिकणाऱ्या आज्ञावली एकमेकींशी कोणताही संवाद न साधता स्पर्धेतील पातळीहून चढ्या किमती टिकवायला शिकू शकतात. करार नाही, बैठक नाही, निरोपही नाही. तरीही भाव चढाच. ‘करार’ या संकल्पनेवर उभ्या असलेल्या कायद्याला हे पकडणे कठीण आहे. युरोपीय संघाने निवडलेला मार्ग अधिक साधा वाटतो. तेथे मे २०२२ पासून विक्रेत्याने सवलत जाहीर करताना मागील तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखविणे सामान्यतः बंधनकारक आहे. ही तरतूद सवलतींपुरतीच आहे. पण तिच्यामागील तत्त्व उघड लिलावाचेच आहे : भाव बदला, परंतु झाकू नका.

७. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्रतिस्पर्धी व वस्तूची स्थिती यांवरून किंमत बदलणे ही पद्धत मुळात दोषास्पद नाही, आठवडी बाजारापासून ती रूढ आहे. कारण विचारण्याची आणि माल पाहण्याची सोय नाहीशी होणे हा तिच्या स्वयंचलित रूपाचा दोष आहे.

२) वस्तू एकसारखी व विक्रेते अनेक असतील तेथे ही पद्धत ग्राहकास उपकारक ठरते, वस्तू एकमेव वा दुर्मीळ असेल तेथे तिचा आधारच निखळतो. जुने मराठी पुस्तक दुसऱ्या प्रकारात मोडते.

३) ग्रंथाची ओळख निश्चित नसल्याने मराठी पुस्तकांबाबत स्पर्धा दिसतच नाही. देवनागरीत, प्रमाणित पद्धतीने केलेल्या ग्रंथसूचीचे काम म्हणूनच ग्राहकहिताचेही काम आहे.

४) स्थितीचे वर्णन एका श्रेणीत न करता विक्रेत्याने दोन-तीन वाक्यांत करावे, आवृत्ती, मुद्रणवर्ष व टिपणे यांचा उल्लेख अनिवार्य असावा. किमतीचा तीस दिवसांचा इतिहास दिसावा.

शेवटची सूचना आपणा प्राध्यापकांसाठी आहे. दरवर्षी आपल्या ग्रंथालयांतून जीर्ण व ‘मागणी नसलेली’ पुस्तके निर्लेखित होतात. त्या यादीवर सही करताना आपणही ती यंत्राची दोनच विधाने वापरतो : स्थिती खराब आणि मागणी शून्य. मग ती पुस्तके वजनावर रद्दीत जातात, तेथून एखादे विक्रेत्याकडे पोहोचते आणि काही वर्षांनी आपलाच विद्यार्थी ते दहापट किमतीला पडद्यावर पाहतो. सही करण्यापूर्वी ते पुस्तक अन्यत्र उपलब्ध आहे का हे पाहणे आणि नसल्यास ते एखाद्या संग्रहाकडे सुपूर्द करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. यंत्राला मूल्य कळत नाही हा यंत्राचा अपराध नव्हे. ते जाणण्याचे काम त्याच्यावर कधी सोपविलेलेच नव्हते. ते काम ज्यांचे आहे त्यांनी ते सोडून दिले, तर दोष यंत्राला देता येणार नाही.